धरण गळतंय? मग आधी पाण्याचा रंग बघा

धरणाच्या पायथ्याशी ओल दिसली की दोन बातम्या पाठोपाठ येतात. पहिली, "धरणाला गळती". दुसरी, "धरण सुरक्षित, घाबरू नका". दोन्ही खऱ्या असू शकतात आणि दोन्ही अर्धवट असतात. कारण मातीचं धरण गळतंच. एक थेंबही न गळणारं मातीचं धरण अजून कुणी बांधलेलं नाही. बांधणाराच हिशेब करून ठेवतो, की इतकं पाणी पाझरेल, ते अमुक ठिकाणी बाहेर येईल आणि तमुक चरातून नदीला मिळेल. त्यामुळे "गळतंय का?" असं विचारून फारसं काही कळत नाही. कालच्यापेक्षा आज वेगळं गळतंय का, आणि येणारं पाणी नितळ आहे की गढूळ, हे विचारलं तर बरंच काही कळतं. पन्नास-साठ वर्षांच्या सिंचन धरणाबद्दल बोलायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते.

धरणाच्या पोटात

लांबून मातीचं धरण म्हणजे गवत उगवलेला एक लांबलचक बांध दिसतो. त्याचा आडवा काप घेतला तर आत वेगवेगळ्या मातीचे भाग असतात. मधोमध चिकणमातीचा गाभा, ज्याला साइटवर हार्टिंग म्हणतात. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचं कवच, म्हणजे केसिंग. लाटांनी माती खरवडू नये म्हणून पाण्याच्या बाजूला दगडांचं पिचिंग. गाभा जमिनीपाशी थांबत नाही. खाली खडक किंवा घट्ट थर लागेपर्यंत खंदक खणून त्यातही हीच चिकणमाती थराथरानं दाबून भरलेली असते, नाहीतर पाणी धरणाखालून वाट काढेल. गाभ्याच्या मागे वाळूची गाळणी असते, आणि कोरड्या बाजूच्या पायथ्याशी दगडांचा बुटका बांध असतो. पाझराचं पाणी गाळणीतून त्या दगडांत येतं आणि तिथून चरात.

गाभा पाणी पूर्ण अडवत नाही, त्याचा वेग मारतो. पाणी गाभ्यातून सरकताना त्याचा दाब उतरत जातो आणि धरणाच्या पोटातली ओलीची पातळी जलाशयाकडून पायथ्याकडे उतरत येते. ही पाझररेषा पायथ्याच्या दगडांत उतरली की सगळं ठीक. ती कोरड्या बाजूच्या उतारावरच मध्येच बाहेर आली तर तो भाग भिजतो, मऊ पडतो आणि घसरू शकतो. म्हणून धरण पाहणाऱ्या जुन्या लोकांची नजर भर उन्हाळ्यात उतारावरच्या गवतावर असते. सगळीकडे गवत वाळलेलं आणि मध्येच एक हिरवागार पट्टा दिसला, तर तिथं आतून पाणी येतंय.

आता गढूळ पाण्याकडे येऊ. पाझर बाहेर पडतो त्या ठिकाणी मातीचा एक कण निसटला, की तिथं बारीकशी पोकळी होते. पोकळीत पाण्याला अडथळा कमी, म्हणून आजूबाजूचं पाणी तिकडेच वळतं. जोर वाढतो, दुसरा कण निसटतो, मग तिसरा. अशी नळी पायथ्याकडून जलाशयाच्या दिशेनं, म्हणजे पाण्याच्या उलट दिशेनं, मागे मागे खणली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं ते फक्त चहाच्या रंगाचं पाणी. नळी जलाशयाला जाऊन भिडली, की मग वेळ हातात राहत नाही. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात टेटन धरणावर 5 जून 1976 च्या सकाळी गढूळ पाणी दिसलं. भोक बुजवायला बुलडोझर पाठवले, ते भोकातच गेले, आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटलं. सुमारे 93 मीटर उंचीचं ते धरण पहिल्यांदाच भरत होतं.

याच्यावरचा इलाज म्हणजे मघाशी आलेली वाळूची गाळणी. तिचं काम पाणी जाऊ देणं आणि माती अडवणं. वाळू फार जाड असेल तर मातीचे कण तिच्या फटींतून सुटतात, फार बारीक असेल तर पाणीच तुंबतं. मातीच्या मानानं वाळूचा दाणा किती मोठा चालेल याचे नियम माती-अभियांत्रिकीचा पाया घालणाऱ्या कार्ल तेर्झागी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घालून दिले. ढोबळमानानं सांगायचं तर गाळणीतले बारीक दाणे मातीतल्या जाड कणांच्या चार-पाच पटींपेक्षा मोठे नसावेत. त्याआधीच्या कितीतरी धरणांत गाळणी एकतर नाही, किंवा अंदाजानं घातलेली. नंतर बांधलेल्यांतही कागदावरची गाळणी आणि प्रत्यक्ष टाकलेली वाळू एकच असेल याची खात्री कुणी देऊ नये.

यातून निघणारी एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. पायथ्याशी गढूळ झरा दिसला, की माणसाचा पहिला विचार असतो, भोकात माती कोंबून ते बंद करू. हे करायचं नसतं. तोंड बुजवलं की आतला दाब वाढतो आणि पाणी शेजारी नवं तोंड शोधतं, बहुधा अधिक वाईट जागी. योग्य उपाय असा, की झऱ्यावर आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर जाड खडी असे थर टाकायचे. पाण्याला वाट मोकळी राहते आणि माती जागेवर थांबते. झऱ्याभोवती वाळूच्या पोत्यांचं गोल कडं करून आत पाणी साठू देणं हाही तात्पुरता उपाय आहे, कारण साठलेल्या पाण्याचा उलट दाब झऱ्याचा जोर कमी करतो. गळती बंद करायची असेल तर ती पाण्याच्या बाजूनं किंवा गाभ्यात करायची. कोरड्या बाजूनं करायची नाही.

वय किती, हा प्रश्न अर्धाच

जुनं म्हणजे धोकादायक, असं सरळ गणित असतं तर काम सोपं झालं असतं. स्पेनमध्ये मेरिदाजवळ रोमनांनी बांधलेली प्रोसेर्पिना आणि कोर्नाल्व्हो ही धरणं दोन हजार वर्षांच्या आसपासची आहेत आणि त्यांत आजही पाणी साठतं. उलट पुण्याजवळचं पानशेत 12 जुलै 1961 ला फुटलं ते बांधकाम पुरतं संपायच्या आत. विमोचकाचं, म्हणजे धरणाच्या पोटातून पाणी सोडायच्या मार्गाचं काम अपुरं असताना पावसाळ्यात पाणी चढलं आणि विमोचकावरचा भराव खचत गेला. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, तेव्हा ते वीस वर्षांच्या आगेमागेच होतं, आणि गळतीची तक्रार गावानं आधीच केली होती.

धरणाला पहिला धोका असतो तो पहिल्यांदा भरताना आणि नंतरची चार-पाच वर्षं. बांधकामातल्या चुका तेव्हाच उघड्या पडतात. मग एक लांब शांत काळ येतो, आणि या शांत काळातच गाफीलपणा शिरतो. पन्नास वर्षं काही झालं नाही म्हणजे पुढेही होणार नाही, हा तर्क घरातल्या जुन्या वायरिंगबद्दल कुणी करत नाही, पण धरणाबद्दल हमखास करतात.

या शांत काळात काय काय बदलतं? भराव बसतो. बांधताना माथा मुद्दाम थोडा उंच ठेवलेला असतो, पण सगळीकडे तो सारखा बसत नाही, आणि नेमका जिथं जास्त बसला तिथूनच पाणी आधी ओलांडणार. म्हणून माथ्याची पातळी मोजत राहावी लागते, डोळ्यांना पंधरा सेंटिमीटरचा खड्डा दिसत नाही. उतारावर झाडं वाढतात. झाड उभं असेपर्यंत मुळं माती धरून ठेवतात हे खरं, पण ते मेलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या उरतात, थेट पाण्याच्या दिशेनं गेलेल्या. घुशी, खेकडे, साळिंदरं यांची बिळं हेच काम करतात. पिचिंगचे दगड निसटतात, आणि लोक ते घरबांधणीला नेतात हेही आहेच.

मला सगळ्यांत चिंताजनक वाटतो तो विमोचक. कालव्यासाठी धरणाच्या पोटातून आरपार गेलेली नळी किंवा दगडी बोगदा. माती आणि दगडकाम, किंवा माती आणि लोखंड, यांचा सांधा कधीच एकजीव होत नाही. नळीच्या कडेची माती यंत्रानं नीट दाबता येत नाही. वर्षानुवर्षं गंजून नळीला भोक पडलं, तर दाबाचं पाणी सरळ भरावात घुसतं, किंवा भरावातली माती नळीत गळून येते. ही माती कालव्याच्या पाण्याबरोबर वाहून जाते, पायथ्याशी कुणाला गढूळ झरा दिसत नाही, आणि एक दिवस माथ्यावर खड्डा पडतो. म्हणून जुन्या धरणात विमोचक बंद करून आतून कॅमेरा फिरवणं हा वरवर क्षुल्लक वाटणारा खर्च अतिशय मोलाचा आहे.

सिंचन धरणाचं आणखी एक खास दुखणं म्हणजे दरवर्षी भरणं आणि रिकामं होणं. नुसत्या विजेसाठीच्या जलाशयात पाणी बऱ्याचदा एका टप्प्यात खेळतं, सिंचनाचं धरण मात्र पावसाळ्यात काठोकाठ आणि उन्हाळ्यात तळाला. पाणी भराभर उतरलं की पाण्याच्या बाजूचा उतार अडचणीत येतो. बाहेरचा पाण्याचा टेकू गेला, पण मातीच्या आतलं पाणी अजून निघालेलं नाही, म्हणजे माती जड आणि आधार गायब. अशा वेळी उतार जलाशयाच्या बाजूला घसरतो. भरलेलं धरण धोक्याचं आणि रिकामं बिनधोक, ही समजूत म्हणूनच पूर्ण खरी नाही. शिवाय उन्हात उघडा पडलेला चिकणमातीचा भाग तडकतो आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी त्या तड्यांत आधी शिरतं.

गाळाबद्दल लोकांना वाटतं की त्यानं फक्त साठा कमी होतो. साठा कमी होतोच, आणि तो नुसता तळच्या मृतसाठ्यात, म्हणजे विमोचकाच्या तोंडाखालच्या, वापरता न येणाऱ्या पाण्यात, बसत नाही. नदी जलाशयात शिरते तिथं वेग मोडल्यामुळे जाड गाळ वरच्याच टोकाला पडतो आणि उपयुक्त साठा खातो. गंमत अशी की भिंतीला लागून बसलेला बारीक गाळ कधी कधी पाझर कमीच करतो. पण तोच गाळ विमोचकाचं तोंड बुजवतो, आणि मग अडचणीच्या वेळी पाणी झटपट खाली आणायची सोय राहत नाही.

दगडी धरणाचं दुखणं वेगळं

दगडी किंवा काँक्रीटचं धरण आपल्या वजनावर उभं असतं. पाणी किती लांबवर पसरलंय याला इथं महत्त्व नाही, खोली किती एवढंच बघायचं. 30 मीटर खोल पाणी धरणाच्या दर मीटर लांबीवर सुमारे 450 टनांचा आडवा रेटा देतं, मग जलाशय एक किलोमीटर लांब असो की वीस. या रेट्याचा हिशेब जुन्या अभियंत्यांना चांगला येत होता. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी धरला नव्हता तो खालून वर उचलणारा दाब. पायात आणि सांध्यांत शिरलेलं पाणी धरणाला वर ढकलतं आणि त्याचं वजन तेवढं हलकं करतं. फ्रान्समधलं बुझे धरण 1895 साली फुटलं, तेव्हा या दाबाकडे जगाचं नीट लक्ष गेलं. त्याआधीच्या आराखड्यांची धरणं आज तपासताना पहिला प्रश्न हाच असतो. पुढे धरणाच्या पोटात भुयार ठेवून तिथून निचऱ्याची भोकं खाली पायात पाडायची पद्धत रूढ झाली. ही भोकं चुन्याच्या पांढऱ्या साक्यानं बुजतात. भोकातून पाणी यायचं थांबलं तर खूश होऊ नये, ते पाणी आता खाली दाब देत बसलंय.

भिंतीवर दिसणारे पांढरे ओघळ म्हणजे पाझरात विरघळून बाहेर आलेला चुना. ओघळ वाढत असतील तर आतला सांधा पोकळ होतोय. प्रवरेवरचं भंडारदरा धरण 1926 साली पूर्ण झालं. 1969 मध्ये त्याला तडे गेले आणि मोठी गळती लागली, तेव्हा मागच्या बाजूनं आधाराचे भक्कम खांब उभारून ते मजबूत केलं. कोयनेचं काँक्रीटचं धरण 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात तडकलं, आणि तडे गेले ते बहुतांशी भिंतीचा उतार एकदम बदलतो त्या उंचीवर. दोन्ही धरणं दुरुस्त होऊन आज पाणी साठवतात.

सांडवा आणि दरवाजे

मातीची धरणं फुटण्याची कारणं पाहिली तर ढोबळमानानं निम्मी आतून माती वाहून गेल्यामुळे आणि निम्मी माथ्यावरून पाणी गेल्यामुळे किंवा सांडव्याच्या, म्हणजे पुराचं जादा पाणी सोडायच्या मार्गाच्या, बिघाडामुळे. दगडी धरणावरून पाणी गेलं तर ते काही वेळ तग धरू शकतं. मातीच्या धरणाला ती मुभा नाही. माथा ओलांडलेलं पाणी मागचा उतार कातरत येतं आणि काही तासांत खिंडार पडतं.

सांडवा केवढा हवा हे ठरतं जास्तीत जास्त किती पूर येईल यावर, आणि हा आकडा बांधणाऱ्यांनी त्यांच्याकडे होत्या तेवढ्या वर्षांच्या पावसावरून काढलेला असतो. तीस वर्षांच्या नोंदींवरून हजार वर्षांतला पूर सांगायचा म्हणजे चूक व्हायचीच. गुजरातमधलं मच्छू-2 धरण 1972 साली पूर्ण झालं आणि 11 ऑगस्ट 1979 ला आलेला पूर सांडव्याच्या क्षमतेच्या दुपटीहून मोठा होता. दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले आणि खालचं मोरबी शहर बुडालं. धरणाच्या मातीत खोट नव्हती. आकड्यात होती. म्हणून जुन्या धरणाची तपासणी म्हणजे नुसती भिंत बघणं नव्हे, पुराचा हिशेब नव्या नोंदींनी पुन्हा मांडणं हाही तिचाच भाग.

सांडवा मोठा असूनही दरवाजा उघडला नाही तर उपयोग शून्य. वर्षातून थोडेच दिवस लागणारी ही यंत्रणा, आणि लागते तेव्हा वीज गेलेली, रात्र, मुसळधार पाऊस. कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम धरणाचा एक वक्राकार दरवाजा 17 जुलै 1995 ला उघडता उघडताच मोडला. तो ज्या खिळीभोवती फिरायचा ती गंजली होती, वंगण पुरेसं नव्हतं, घर्षण वाढत गेलं होतं. तुंगभद्रा धरणाला 33 दरवाजे आहेत. 10 ऑगस्ट 2024 च्या रात्री त्यातल्या 19 व्या दरवाजाची साखळी तुटून दरवाजाच वाहून गेला. पुढचा आठवडाभर पाणी सोडून पातळी उतरवायची आणि वाहत्या पाण्यात तात्पुरती फळी बसवायची, असा तो सगळा खटाटोप होता. धरणाची भिंत जागच्या जागी होती. तुटली ती सुमारे सत्तर वर्षांच्या धरणाची एक साखळी.

धरण तेच, खोरं बदललं

सुरक्षिततेच्या भाषेत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. धरण कसं आहे ही एक, आणि ते फुटलं तर काय होईल ही दुसरी. वर्गवारी बहुधा दुसरीवरून करतात, त्यामुळे "अतिधोका गटातलं धरण" म्हणजे मोडकळीला आलेलं धरण असा अर्थ निघत नाही. बांधलं तेव्हा खाली शेतं होती, आता नदीकाठी वस्ती आहे, रस्ता आहे, शाळा आहे. भिंतीचा एक दगडही न हलता धरण अधिक धोकादायक होतं ते असं. वर आणखी एक धरण असेल तर त्याचं भवितव्यही हिशेबात घ्यायचं. पानशेत फुटल्यावर खालचं 1879 सालचं दगडी खडकवासला टिकलं नाही. लिबियातल्या डेर्ना शहरात सप्टेंबर 2023 मध्ये एकामागून एक दोन धरणं गेली.

वहीतली गळती

आता पुन्हा पायथ्याच्या चराकडे. तिथं इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेली पत्र्याची फळी बसवतात आणि खाचेतून किती उंचीनं पाणी वाहतं ते रोज मोजतात. काटकोनी खाचेत पाणी 5 सेंटिमीटर चढलं तर प्रवाह सेकंदाला साधारण पाऊण लिटर. 10 सेंटिमीटर चढलं तर जवळजवळ साडेचार लिटर. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पटींहून जास्त. म्हणून "दोन बोटंच वाढलंय" असं म्हणून सोडून देता येत नाही.

नुसता आकडाही पुरत नाही. जलाशय भरला की गळती वाढणारच. बघायचं ते असं, की जलाशयाची पातळी गेल्या वर्षी हीच असताना गळती किती होती आणि यंदा किती आहे. पातळी तीच आणि गळती वाढली, तर आत काही बदललंय. पातळी तीच आणि गळती एकदम घटली, तर पाणी दुसरीकडून जातंय का ते शोधायचं. बाटलीत थोडं पाणी घेऊन रात्रभर ठेवायचं आणि सकाळी तळाशी माती बसली का ते बघायचं, ही तपासणी कुठल्याही यंत्राशिवाय होते. भरावात बसवलेल्या पिझोमीटरच्या नळ्या आतला दाब सांगतात, पण त्यातल्या बऱ्याचशा वीस-तीस वर्षांत बंद पडतात आणि वहीत वर्षानुवर्षं एकच आकडा उतरवला जातो. सरळ रेषेत चाललेली नोंद दिसली तर धरणाआधी नोंद तपासावी.

दोष सापडल्यावर उपाय बरेच आहेत. पायथ्याला गाळणी घालून वर मुरमाचा भार चढवणं, पायातल्या फटींत दाबानं सिमेंट भरणं, म्हणजे ग्राउटिंग, गाभ्यात पाणी अडवणारी नवी पडदा-भिंत, सांडव्याची रुंदी वाढवणं. सगळ्यांना पैसा आणि दोन-तीन उन्हाळे लागतात. तोपर्यंत हातात असलेला एकच झटपट उपाय म्हणजे धरण पूर्ण न भरणं, आणि तोच सगळ्यांना नकोसा असतो. कारण जलाशय वर रुंद होत जातो. वरचा एक मीटर सोडला तर उंचीच्या मानानं पाणी फार जास्त जातं, आणि जातं ते शेवटच्या आवर्तनातलं, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या पाळीतलं, कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याचं. म्हणून पातळी कमी ठेवायचा निर्णय पावसाळ्याआधी, गळतीची वही समोर ठेवून आणि टोकाच्या शेतकऱ्याला बोलावून घ्यावा असं मला वाटतं. ऑगस्टमध्ये, धरण भरत आलेलं असताना आणि चरातलं पाणी तांबूस दिसायला लागल्यावर, तो घ्यायला फार तर काही तास मिळतात.